रामेछाप ते लुक्ला : नकाशावर ७४ किमी, तिकिटावर २० मिनिटं, मग दोन दिवस राखीव कशाला?

रेखांश · ११ ऑगस्ट, रात्री ९:१२

दिवाळीच्या सुट्टीत एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्यांचे व्यक्तिगत निरोप दर पावसाळ्यात येतात आणि त्यातला एक प्रश्न ठरलेला असतो: नेपाळमधल्या रामेछापहून लुक्लाला, म्हणजे बेस कॅम्पची पायवाट जिथून सुरू होते त्या गावी, विमान किती वेळात पोचतं? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. नकाशे आणि मोजणी हा माझा पोटापाण्याचा विषय, म्हणून सुरुवात अंतरापासून.

रामेछापचा विमानतळ म्हणजे मंथली गावात तामाकोशी नदीकाठी असलेली एक छोटी धावपट्टी. तिचे अक्षांश-रेखांश साधारण २७.३९ उत्तर, ८६.०६ पूर्व. लुक्ला २७.६९ उत्तर, ८६.७३ पूर्व. अक्षांशांत ०.३० अंशांचा फरक, रेखांशांत ०.६७ चा. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमीचा, म्हणजे लुक्ला ३३ किमी उत्तरेला. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून वर जाल तसा आखडत जातो, २७.५ अंशांवर तो ९९ किमीच्या आसपास उरतो. म्हणजे लुक्ला ६६ किमी पूर्वेला. शाळेतला पायथागोरस लावला की उत्तर येतं ७४ किमी. इतक्या थोड्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरला तरी आकडा हलत नाही.

काही जणांना वाटतं की विमानाला वर चढायचं असल्यामुळे अंतर बरंच वाढत असेल. मंथली समुद्रसपाटीपासून ४७४ मीटरवर, लुक्ला २,८४५ मीटरवर. फरक २,३७१ मीटरचा. तिरकं अंतर काढून पाहा, सपाट अंतरापेक्षा जेमतेम ४० मीटर जास्त भरतं. चढामुळे अंतर वाढत नाही, वेळ वाढतो.

आता वेळ. दोन विमानतळांची नावं टाकली की उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या साइट भरपूर आहेत. त्यांतल्या एका प्रकारच्या साइट या मार्गाला साडेपाच मिनिटं दाखवतात आणि दुसऱ्या प्रकारच्या ३६ मिनिटं. दोन्ही आकडे एकाच गृहीतकातून आलेले आहेत. ताशी ८०० किमी वेगाने जाणारं मोठं जेट विमान धरायचं आणि अंतराला त्या वेगाने भागायचं. ज्यांना जाणवतं की उड्डाण-उतरण्यालाही वेळ लागतो, ते सरसकट अर्धा तास मिळवून मोकळे होतात. मुंबई-दिल्लीला हे चालून जातं. लुक्लाला जाणारं विमान मात्र जेट नसतंच. तिथे ट्विन ऑटर, डॉर्निअर २२८ आणि लेट ४१० ही पंख्याची, पंधरा-एकोणीस माणसांची विमानं जातात.

म्हणून आपणच हिशेब करू. मंथली ते लुक्ला सरळ रेषा ओढली तर ती लामजुरा खिंडीच्या जवळून जाते. जिरीहून चालत जाणाऱ्या जुन्या वाटेवरची ही खिंड ३,५३० मीटर उंच आहे, म्हणजे साडेअकरा हजार फुटांच्या वर. विमान निघतं दीड हजार फुटांवरून. खिंडीच्या वर सुरक्षित राहायचं तर दहा-साडेदहा हजार फूट चढायला हवं. भरलेलं ट्विन ऑटर मिनिटाला सरासरी हजार फूट चढतं असं धरलं तर दहा मिनिटं चढण्यातच जातात. चढताना वेग कमी असतो, ताशी १८०-१९० किमी, त्यामुळे त्या दहा मिनिटांत फक्त ३० किमी कापले जातात. उरलेले ४४ किमी ताशी २८० च्या वेगाने साडेनऊ मिनिटांत. एकूण वीस मिनिटं. डॉर्निअर यापेक्षा वेगवान, त्याला पंधरा-सोळा मिनिटं पुरतात. विमान कंपन्याही साधारण हेच सांगतात.

तर विमान हवेत असतं १५ ते २० मिनिटं. हे उत्तर बरोबर आहे आणि तरीही त्यावर सुट्टीचं नियोजन करू नका, एवढंच कळकळीने सांगायला हा धागा काढला आहे. या मार्गावर प्रवासाचा वेळ विमानाच्या वेगावर ठरत नाही. तो ठरतो लुक्लाच्या दरीत सकाळी ढग आहेत की नाहीत यावर. दरी मोकळी असेल तर वीस मिनिटं, नसेल तर उद्या, नाहीतर परवा. परतीच्या बाजूला दोन दिवस हाताशी ठेवल्याशिवाय काठमांडू-मुंबईचं तिकीट काढू नका.

निवडुंग · ११ ऑगस्ट, रात्री १०:०५

सुंदर धागा. पण मुळात रामेछापला जायचंच कशाला? माझा भाऊ काही वर्षांपूर्वी थेट काठमांडूहून गेला होता. आता रात्री एक-दोन वाजता उठून जीपने चार-पाच तास घाट उतरायचा आणि मग विमान, हे मला पटत नाही. वीस मिनिटांच्या प्रवासासाठी पाच तासांचा रस्ता?

घाटवाट · ११ ऑगस्ट, रात्री ११:३१

@निवडुंग, कारण काठमांडूचा विमानतळ. तिथे धावपट्टी एकच. देशातली, परदेशातली, लहान-मोठी सगळी विमानं तिच्यावरच. २०१९ च्या वसंतात त्या धावपट्टीच्या दुरुस्तीचं काम निघालं तेव्हा लुक्लाची उड्डाणं रामेछापला हलवली, आणि तेव्हापासून मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या गर्दीच्या महिन्यांत बहुतेक उड्डाणं तिथूनच होतात. एरवी काठमांडूहून मिळतात.

आणि यात प्रवाशांचाही फायदा आहे. काठमांडू-लुक्ला सरळ अंतर १३५ किमी, उड्डाण ३०-३५ मिनिटांचं. त्यात काठमांडूला धावपट्टी मोकळी होईपर्यंत जमिनीवर थांबायचं आणि परत येताना आकाशात घिरट्या. लुक्लाचं हवामान साधारण सकाळचे चार-पाच तासच साथ देतं. त्या वेळात काठमांडूहून एका विमानाच्या तीन फेऱ्या होत असतील तर रामेछापहून चार-पाच होतात. आदल्या दिवशी अडकलेले लोक सोडवायचे असतील तेव्हा या जादा फेऱ्याच कामाला येतात.

रस्ता काठमांडू-धुलिखेल-नेपालथोक-खुर्कोट-मंथली असा, सुमारे १३० किमी. बराचसा भाग बीपी राजमार्गाचा. जपानच्या मदतीने बांधलेला अरुंद पण देखणा रस्ता. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस आलेल्या पुरात रोशी खोला या नदीच्या काठचा त्याचा मोठा भाग वाहून गेला. तेव्हा निघायच्या आठवड्यात रस्त्याची स्थिती काठमांडूत विचारून घ्याच. जुन्या ब्लॉगवरचे 'चार तास' धरून चालू नका. मध्यरात्री निघण्यापेक्षा आदल्या दुपारी मंथलीला जाऊन झोपणं शंभर पटींनी बरं. गावात राहायची साधी सोय आहे.

पंख · १२ ऑगस्ट, सकाळी ७:४८

@रेखांश, अंतर आणि चढाचा हिशेब वाचून फार आनंद झाला. विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, त्यामुळे 'ढग आले तर थांबायचं' याच्या मागे नेमकं काय आहे ते लिहितो. एकदा हे कळलं की उड्डाण रद्द झाल्यावर काउंटरवरच्या माणसावर आवाज चढवावासा वाटणार नाही.

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आहे. पुण्याची सुमारे अडीच किमी आहे, म्हणजे पुण्याच्या एका धावपट्टीत लुक्लाच्या चार आरामात मावतील. शिवाय ती सपाट नाही. तिला ११.७ टक्के चढ आहे, म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत ६० मीटरहून जास्त उंची. वीस मजली इमारतीएवढी! खालच्या टोकाला दूधकोशीची खोल दरी, वरच्या टोकाला भिंत आणि तिच्यामागे डोंगर. त्यामुळे उतरायचं नेहमी दरीकडून डोंगराकडे, चढावर. उडायचं नेहमी डोंगराकडून दरीकडे, उतारावर. वारा कसाही असो, दिशा बदलायची सोय नाही.

आता हवा. २,८४५ मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश विरळ असते. पंखाला उचलून धरण्यासाठी जेवढी हवा लागते तेवढी मिळवायची तर विमानाला जमिनीच्या हिशेबाने जास्त वेगात असावं लागतं. पायलटच्या डायलवर वेग तोच दिसतो, पण प्रत्यक्षात विमान सुमारे १५ टक्के जास्त वेगाने धावपट्टीला टेकतं. वेग १५ टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. इंजिनाचीही ताकद विरळ हवेत घटते. ५२७ मीटरमध्ये हे सगळं बसतं ते त्या चढामुळे. ज्या उताराचे फोटो पाहून लोक घाबरतात, तोच उतार विमान थांबवतो आणि उडताना वेग मिळवून देतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. इतर विमानतळांवर उतरणं जमत नसेल तर पायलट शेवटच्या क्षणी पुन्हा वर उठून फेरी मारतो. लुक्लाला एका ठरावीक बिंदूच्या पुढे आलं की ते शक्य नाही, कारण समोर डोंगर आहे. ढगातून वाट दाखवणारी उपकरणंही तिथे नाहीत. धावपट्टी डोळ्यांनी दिसलीच पाहिजे, आणि शेवटपर्यंत दिसत राहिली पाहिजे. ८ ऑक्टोबर २००८ ला नेमकं हेच बिनसलं. उतरता उतरता दरीतून धुकं वर आलं आणि विमान धावपट्टीच्या खालच्या बाजूला आदळलं. १८ जण गेले. एकटा कॅप्टन वाचला.

दुपारचं का नको, तेही यातच आलं. ऊन चढलं की दरीतली हवा तापते आणि दक्षिणेकडून वर डोंगराकडे वाहू लागते. उतरणाऱ्या विमानाच्या पाठीत वारा बसतो, म्हणजे जमिनीवरचा वेग आणखी वाढतो. बरोबरीने ढगही चढतात.

म्हणूनच तिथे उतरायला नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाच्या अटी कडक आहेत: आखूड धावपट्ट्यांवरच्या किमान १०० मोहिमा, नेपाळमध्येच अशा उड्डाणांचा वर्षाहून जास्त अनुभव आणि खुद्द लुक्लाला प्रशिक्षकाबरोबर दहा फेऱ्या. असा माणूस मंथलीहून निघून, लुक्ला डोळ्यांसमोर दिसत असताना विमान वळवून परत येत असेल, तर त्याने प्रवाशांवर उपकार केलेले असतात.

उत्तरवारा · १२ ऑगस्ट, दुपारी १:२०

थोडं अवांतर, पण याच विषयाच्या दुसऱ्या टोकाचं. मी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असतो. इथून उत्तरेला ऑर्कनी बेटांवर वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन चिमुकली बेटं आहेत. त्यांच्यामधली लोगनएअरची सेवा जगातली सगळ्यात लहान नियमित उड्डाणसेवा मानली जाते. अंतर २.७ किमी. वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा अनुकूल असला तर एक मिनिटाच्याही आत झालेलं आहे. १९६७ पासून ही सेवा चालू आहे. विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, आठ प्रवाशांचं. पापा वेस्ट्रेचे लोक दवाखान्यासाठी, शिक्षकांची ने-आण करण्यासाठी ते बसगाडीसारखं वापरतात.

तिथे समुद्रसपाटीवरून उडायचं आणि समुद्रसपाटीवरच उतरायचं, मध्ये फक्त पाणी. चढच नाही, म्हणून भागाकाराने आलेलं उत्तर आणि खरा वेळ जवळजवळ सारखे. तरीही धुकं आणि उत्तर समुद्राचा वारा कधीकधी ते दोन मिनिटांचं उड्डाण दिवसभर रोखून धरतात. रेखांश म्हणतात ते तिथेही खरं आहे.

मनवा · १२ ऑगस्ट, रात्री ८:५५

सगळ्यांचे आभार. आई आणि मी ऑक्टोबरच्या शेवटी जायचं म्हणतोय. आई ६२ वर्षांची आहे, दर रविवारी सिंहगड चढते, त्यामुळे चालण्याची मला काळजी नाही. विमानाची आहे. २०२२ च्या मे महिन्यात पोखरा-जोमसोम मार्गावरचं विमान कोसळलं तेव्हा त्यातल्या २२ जणांत ठाण्याचे चौघे होते. आम्ही ठाण्याच्याच. तेही वीस मिनिटांचंच उड्डाण होतं ना? पंखकाका, तुमचा प्रतिसाद वाचून समजलं सगळं, पण भीती गेली नाही. आईला काय सांगू?

पंख · १२ ऑगस्ट, रात्री ९:४०

मनवा, भीती जावी असं मी म्हणणारही नाही. हो, तेही तेवढंच उड्डाण. तेही सकाळचं, तेही ट्विन ऑटर, आणि वाटेत ढग. मार्ग वेगळा, दरी वेगळी, पण अडचण तीच: डोंगर आणि ढग एकाच उंचीवर.

माझ्या दृष्टीने यात प्रवाशाच्या हातात एक मोठी गोष्ट आहे. 'आजच पोचायला हवं' हे दडपण मनातून काढून टाकायचं. असे पन्नास-साठ प्रवासी काउंटरवर उभे असतात तेव्हा ते दडपण एजंटवर, तिथून कंपनीवर आणि शेवटी कॉकपिटपर्यंत जातं. तुमच्याकडे राखीव दिवस असतील तर तुम्ही त्या दडपणाचा भाग नसता. सकाळी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांमधलं तिकीट मागा. दुपारकडे झुकलेली वेळ कुणी देऊ केली तर सरळ दुसऱ्या दिवशीचं घ्या. आईला हेच सांगा की आपण घाईत नाही आहोत.

नाडी · १३ ऑगस्ट, सकाळी ६:३०

मी डॉक्टर आहे. या वीस मिनिटांचा शरीराशी असलेला संबंध कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते.

मंथली ४७४ मीटरवर आहे, म्हणजे पुण्यापेक्षाही खाली. तिथून वीस मिनिटांत तुम्ही २,८४५ मीटरवर उतरता. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे हे लक्षात घ्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेपेक्षाही हजार-बाराशे मीटर वर. ही विमानं आतून दाबनियंत्रित नसतात, त्यामुळे लामजुराच्या वरून जाताना तुम्ही साडेतीन-पावणेचार हजार मीटरवरची हवाच श्वासात घेत असता. काही मिनिटांचाच प्रश्न असल्यामुळे निरोगी माणसाला त्याने काही होत नाही. हलकं डोकं, कानात दडे, इतकंच. ज्यांना फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार आहे त्यांनी मात्र निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी याबद्दल बोलावं.

खरा मुद्दा उतरल्यानंतरचा. जुनी मंडळी जिरीहून आठवडाभर चालत लुक्लाच्या वाटेला लागायची, तेव्हा शरीर विरळ हवेला हळूहळू सरावायचं. आता तो आठवडा वीस मिनिटांत उरकतो. म्हणून पहिल्या दिवशी लुक्लात मुक्काम न करता फाकडिंगला उतरून जायचं असतं, ते २,६१० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी नामचे, ३,४४० मीटर, आणि तिथे दोन रात्री काढायच्याच. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा साधा नियम आहे. नामचेला पोचताना तो थोडा वाकतो, म्हणूनच तिथली दुसरी रात्र वगळता येत नाही.

हे इथे लिहिण्याचं कारण: विमान एक दिवस उशिरा मिळालं की लोक तो दिवस नामचेतून कापतात. कृपया तसं करू नका. दिवस कापायचाच असेल तर वरचा टप्पा सोडा, तेंगबोचेपर्यंत जाऊन परत या. मनवा, आईंसाठी हे विशेष करून.

सांजवारा · १३ ऑगस्ट, सकाळी १०:१४

नाडीताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्या ग्रुपमध्ये नेमकं तेच झालं. मंथलीला विमान मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी मिळालं, आणि आमच्या आयोजकाने (नाव लिहीत नाही) परतीचं तिकीट हातात असल्याने नामचेचा विश्रांतीचा दिवस काढून टाकला. आमच्यातल्या दोघांना उंचीचा त्रास होऊन नामचेच्या वरच्या दिंगबोचेहून खाली आणावं लागलं. ते बरे झाले, पण ती रात्र आठवली की अजून राग येतो. राखीव दिवस कागदावर आधीच असते तर हे टळलं असतं. ज्या कंपनीबरोबर जाल तिला पहिला प्रश्न हाच विचारा: विमान चुकलं तर कार्यक्रमातला कुठला दिवस जाणार? उत्तर 'नामचे' असेल तर दुसरी कंपनी बघा.

परत येतानाची कोंडी जाताना होणाऱ्या कोंडीपेक्षा वाईट असते. नोव्हेंबर २०११ मध्ये हवामान सलग बरेच दिवस बिघडलं होतं आणि लुक्लात दोन हजारांहून जास्त पर्यटक अडकून पडले होते. गाव केवढंसं! जेवणघरात लोक खुर्च्यांवर झोपले होते असं तिथल्या लॉजवाल्या दीदींनी आम्हाला सांगितलं. हवामान मोकळं झाल्यावरही रांग लगेच सरत नाही, कारण त्या दिवसाचं तिकीट असलेले आधी जातात आणि अडकलेले जादा फेऱ्यांमध्ये. म्हणजे एक दिवस बिघडला तर त्याचा परिणाम पुढचे दोन दिवस राहतो.

निवडुंग · १३ ऑगस्ट, सकाळी ११:०२

मग हेलिकॉप्टरच का घेऊ नये? काठमांडूहून थेट जातं, रात्रीचा रस्ता वाचतो, पाच जणांत वाटून घेतलं तर परवडतंही म्हणतात.

पंख · १३ ऑगस्ट, सकाळी ११:४५

पैशांचा विचार सोडून सांगतो. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, त्यामुळे विमानं बंद असतानाही कधीकधी ते जाऊ शकतं. हा खरा फायदा आहे. पण ढगाच्या बाबतीत त्याला वेगळा नियम नाही. त्यालाही दरी दिसायला हवी. विमान रद्द झालं म्हणून हेलिकॉप्टर 'नक्की नेईल' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा. राखीव दिवस तिथेही हवाच. आणि लुक्लातली जागा किती अपुरी आहे तेही लक्षात घ्या. एप्रिल २०१९ मध्ये उड्डाणासाठी धावणारं विमान वळून शेजारच्या हेलिकॉप्टरवर आदळलं आणि तिघांचा जीव गेला.

घाटवाट · १३ ऑगस्ट, दुपारी ३:२७

ज्यांना उडायचंच नाही त्यांच्यासाठी रस्ता आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. काठमांडू ते सल्लेरी जीपने, सुमारे २७० किमी, पहाटे निघालात तर संध्याकाळ होते. तिथून पुढे कच्च्या रस्त्याने जीप आता दूधकोशीच्या दरीत थामडांडापर्यंत, हवामान बरं असेल तर सुर्केच्या बाजूलाही जाते. पुढे चालत लुक्लाच्या वाटेला लागायचं. दोन दिवस जास्त लागतात, हाडं खिळखिळी होतात, पावसाळ्याच्या शेपटाला तर चिखल विचारू नका. पण हा प्रवास ढगावर अवलंबून नाही, आणि शरीर हळूहळू वर चढतं.

वेळ असेल तर जिरीहून चालत या. देउराली, लामजुरा, जुनबेसी, नुनथला अशी आठवड्याभराची वाट. १९५३ ची एव्हरेस्ट मोहीम तर थेट काठमांडूच्या दरीतूनच पायी निघाली होती. लुक्लाची धावपट्टी त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६४ मध्ये आली. हिलरींना ती खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या भागात, शाळा आणि दवाखाने बांधायचं सामान आणण्यासाठी हवी होती. खालच्या सपाट शेतजमिनी द्यायला शेतकरी तयार नव्हते, म्हणून शेर्पांकडून ही उताराची जागा घेतली. २००१ पर्यंत ती मातीचीच होती. तेनझिंग-हिलरी हे नाव २००८ मध्ये मिळालं.

रेखांश · १३ ऑगस्ट, रात्री ९:०३

वा, किती भर घातलीत सगळ्यांनी! घाटवाट, जागेचा इतिहास वाचून एक गोष्ट नकाशावर ताडून पाहिली. लुक्लाच्या धावपट्टीचा क्रमांक ०६ आहे, म्हणजे उतरताना विमानाचं तोंड साधारण ६० अंशांकडे. आणि मंथलीहून लुक्लाची सरळ दिशा ६३ अंश. दोन्ही जवळजवळ एका रेषेत. पण विमान सरळ रेषेत येऊन टेकत नाही. लामजुरा ओलांडल्यावर ते दूधकोशीच्या दरीत शिरतं आणि वळण घेऊन धावपट्टीसमोर येतं. शेवटच्या दोन मिनिटांत डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून डोंगरच दिसतात. डावीकडची खिडकी मिळाली तर हिमशिखरांची रांगही दिसते, जाताना.

@मनवा, तुम्ही विचारलं नाहीत तरी तारखा मांडून दाखवतो, कारण प्रश्न शेवटी तारखांचाच आहे. मुंबईहून काठमांडूला पोचलात की तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ सामानासाठी. दुपारी मंथलीला निघायचं, रात्री तिथे झोपायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी लुक्ला, संध्याकाळपर्यंत फाकडिंग. नाडीताईंनी सांगितल्याप्रमाणे नामचेला दोन रात्री. बेस कॅम्प करून लुक्लाला परत येईपर्यंत एकूण बारा दिवस धरा. त्यानंतरचे दोन दिवस पूर्ण कोरे ठेवा. विमान वेळेवर मिळालं तर ते भक्तपूर आणि पाटण बघायला वापरा, वाया जात नाहीत. आणि जाताना एखादा दिवस बुडाला तर तो याच दोनांतला गेला असं समजा, नामचेतला नाही.

काठमांडूहून मुंबईचं विमान संध्याकाळचं असलं तरी लुक्लाहून त्याच सकाळी निघायचा बेत करू नका. रामेछापला उतरून पुन्हा रस्त्याचे पाच तास आहेत, आणि वाटेत दरड आली तर आठ. नेपाळची घड्याळं आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतात. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. पहाटेच्या जीपच्या वेळेला तेवढा फरकही पुरतो.

मनवा · १४ ऑगस्ट, सकाळी ८:१९

आत्ताच आईला सगळा धागा वाचून दाखवला. तिने पहिल्यांदा विचारलं, "जीपचा तो दुसरा रस्ता किती दिवसांचा?" आम्ही जाताना सल्लेरीवरून जायचं ठरवतोय आणि येताना विमानाने. रजा चार दिवस वाढवावी लागेल, ते मी बघते. घाटवाट, सल्लेरीला राहायची सोय कशी आहे? आणि विमानात सामान किती नेऊ देतात?

घाटवाट · १४ ऑगस्ट, सकाळी ९:०६

फार छान ठरवलंत! सल्लेरीत आणि शेजारच्या फाप्लूत दोन्हीकडे लॉज आहेत, ऑक्टोबरात गरम पाणीही मिळतं. जीपची जागा काठमांडूत आदल्या दिवशी नक्की करा. आईंसाठी ड्रायव्हरशेजारची मागा. मागच्या बाकावर त्या रस्त्यावर बसवू नका.

पंख · १४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

सामान माणशी १५ किलो, साधारणपणे १० पोत्यात आणि ५ हातात. काउंटरवर वजनकाटा असतो आणि तो गांभीर्याने वापरतात, कारण ५२७ मीटरच्या धावपट्टीवरून उडताना प्रत्येक किलोचा हिशेब करावा लागतो. येताना याकच्या लोकरीची खरेदी नामचेत न करता काठमांडूत करा. आणि लुक्लाला पोचलात की त्याच संध्याकाळी तिकीट पुन्हा नक्की करून घ्या. ते काम बहुधा लॉजवालेच करून देतात, पण समोर बसून करून घ्या.